लोडरचा सिलिंडर गळतोय: सील किट, नवा रॉड की नवा सिलिंडर?

वाघोडियाजवळ गोठा असलेल्या एका भावांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे बावीस एचपीचा जुना छोटा ट्रॅक्टर आहे आणि पुढे शेणखत उचलायला लोडर बसवलेला आहे. दोन्ही लिफ्ट सिलिंडरच्या तोंडातून तेल गळतं. रात्री वर उचलून ठेवलेलं बकेट सकाळी जमिनीवर टेकलेलं असतं आणि खाली तेलाचा डाग पडलेला असतो. गेल्या वर्षी सील किट बदललं होतं, पण तीन-चार महिन्यांत पुन्हा गळायला लागलं. आता मेकॅनिक म्हणतो, चारही सिलिंडर (दोन लिफ्टचे, दोन बकेट वळवणारे) नवे घ्या. त्यांचा प्रश्न असा, की पुन्हा किट घालावं की सिलिंडरच बदलावेत?

माझं काम वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) हायड्रॉलिकचंच आहे. ट्रॉलीचे जॅक, लोडर, छोट्या ट्रॅक्टरचे पॉवर स्टिअरिंग, हे रोज उघडून बघतो. त्या अनुभवावरून सांगतो, या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. तोंडातून गळणारं तेल, बकेट खाली बसणं आणि किट न टिकणं. तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात. चार नवे सिलिंडर घेऊनही यातली एखादी तक्रार जशीच्या तशी राहू शकते, म्हणून पैसे काढण्याआधी थोडं थांबा. खरा प्रश्न किट की सिलिंडर हा नाहीच. गेल्या वर्षीचं किट इतक्या लवकर का गेलं, हा आहे. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचा निर्णय सोपा होतो.

आधी बकेटचं बोलू, कारण गैरसमज तिथे सगळ्यात जास्त आहे. बकेट खाली बसलं की लोक पिस्टनच्या, म्हणजे रॉडच्या आतल्या टोकावरच्या दट्ट्याच्या, सीलला दोष देतात. पण विचार करा. उचललेल्या बकेटचं वजन रॉडला सिलिंडरच्या आत ढकलतं. रॉड आत गेला की तेवढी जागा तेलाने रिकामी करायला हवी. तुमच्या लिव्हरचा कंट्रोल व्हॉल्व्ह दोन्ही नळ्या घट्ट बंद ठेवत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर पिस्टनचं सील पूर्ण गेलेलं असलं तरी तेलाला जायला जागाच नाही. ते पिस्टनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईल, पण बकेट किंचित बसून थांबेल. म्हणजे बकेट जमिनीपर्यंत येत असेल तर तेल सिलिंडरच्या बाहेर कुठेतरी जातंय. एकतर कंट्रोल व्हॉल्व्हमधून मागे टाकीत, नाहीतर ग्लँडमधून, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी रॉडभोवती बसणाऱ्या सीलच्या टोपीतून, बाहेर.

आता पिस्टनचं सील गेल्यावर काय बिघडतं ते बघा. समजा सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली गोल पोकळी, ५० मिलिमीटर आणि रॉड २५ मिलिमीटर आहे, आणि एका सिलिंडरवर १००० किलोचा भार आला आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणून तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण ५१ किलो. पिस्टनचं सील गेलं की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि भार फक्त रॉडच्या क्षेत्रफळावर, म्हणजे ४.९ चौरस सेंटिमीटरवर येतो. दाब एकदम २०० च्या वर. चौपट. हा चौपट दाब ग्लँडच्या सीलवर आणि व्हॉल्व्हवर येतो, आणि एरवी न गळणारी जागाही गळायला लागते. सिलिंडर चांगला असेल तर बकेट उचलून उभं असताना रॉडच्या बाजूला फारसा दाब नसतो, म्हणून ग्लँडमधून तेल यायचं कारण नाही.

यातून एक साधी खूण मिळते. भरलेलं बकेट वीतभर उचला, इंजिन बंद करा आणि ग्लँड पुसून कोरडी करा. उभ्या उभ्या थेंब यायला लागले तर पिस्टनच्या सीलवर संशय घ्या. फक्त लोडर वर-खाली करताना तेल येत असेल तर ग्लँडचं सील किंवा रॉड. मात्र दोन्ही लिफ्ट सिलिंडरच्या नळ्या टी-जॉइंटने एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एकाचा पिस्टन गेला तरी दाब दोघांच्याही ग्लँडवर येतो. डावा गळतो म्हणून डावाच खराब, असं या परीक्षेवरून ठरवू नका.

नक्की करायचं असेल तर बकेट आणि आर्म जमिनीवर पूर्ण टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा आणि दोन्ही सिलिंडरच्या रॉडकडच्या पिना काढून रॉड मोकळे करा. मग इंजिन हळू चालवून रॉड पूर्ण आत घ्या. पुन्हा इंजिन बंद, दाब सोडा. ज्या सिलिंडरची परीक्षा करायची त्याचा तळाकडचा होज काढून होजच्या तोंडाला प्लग लावा, आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा. आता इंजिन हळू चालू करून रॉड आत घेण्याच्याच दिशेने लिव्हर दाबा. उघड्या तोंडातून थेंब-दोन थेंब आले तर सील ठीक. धार लागली तर पिस्टनचं सील किंवा बोअर गेलेला आहे. दुसऱ्याचंही असंच करा. दोन्ही सिलिंडर चांगले निघाले आणि तरी बकेट बसतं, तर दोष व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये, म्हणजे लिव्हरने आत सरकणाऱ्या दांडीत, आहे, आणि नवे सिलिंडर लावून त्यात काडीचा फरक पडणार नाही.

रात्रभरात बकेट टेकतं, एवढ्यावरून मी व्हॉल्व्हलाही खराब म्हणणार नाही. स्पूल आणि त्याचं घर यांच्यात रबराचं सील नसतं, अगदी बारीक फट असते आणि त्यातून थोडं तेल जातंच. तेल गरम असताना दहा-पंधरा मिनिटांत बकेट दोन बोटं उतरलं तर मी व्हॉल्व्ह उघडत नाही. डोळ्यांसमोर उतरत असेल तर उघडतो. आणि खरं सांगायचं तर बकेट रात्री वर ठेवूच नये. गोठ्यात माणसं आणि जनावरं फिरतात. दुरुस्तीच्या वेळी तर उचललेल्या आर्मखाली लोखंडी आधार दिल्याशिवाय हातही घालू नका. नुसत्या तेलाच्या भरवशावर आर्मखाली कुणीही जायचं नाही.

आता गळतीकडे येतो. गोठ्यातला लोडर असल्यामुळे माझा पहिला संशय रॉडवर आहे. रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो, मिलिमीटरचे दोन ते पाच शतांश, एवढाच. क्रोम दिसायला अखंड दिसतो, पण त्यात सूक्ष्म भेगा असतात. शेण-मुताच्या ओलाव्यातले क्षार त्यातून आत जातात, खालचं लोखंड गंजतं आणि क्रोमला फोड येऊन तो उडतो. उरतो तो धारदार काठाचा खड्डा. अशा रॉडवर नवं सील बसवणं म्हणजे कानशीवर रबर घासणं. ते तीन-चार महिनेच टिकणार, आणि तुमच्याकडे तसंच घडलेलं दिसतंय.

रॉड पूर्ण बाहेर काढून कापडाने स्वच्छ पुसा आणि अंगठ्याचं नख लांबीच्या दिशेने आणि आडवं, दोन्ही बाजूंनी फिरवा. नख जिथे अडकतं तिथे सील कापलं जातं. लांबीच्या दिशेने पडलेला चरा सगळ्यात वाईट, कारण तेलाला बाहेर यायला तो सरळ रस्ताच देतो. एखादा बारीक खड्डा असेल आणि तो सीलखालून क्वचितच जात असेल, तर त्याचा वर आलेला काठ बारीक ऑइलस्टोनने उतरवून काम चालतं. खड्डे पसरलेले असतील तर रॉड बदलायचाच. रॉड एकाच बाजूने चकचकीत घासला गेला असेल, तर तो वाकलेला आहे किंवा पिना-बुश झिजून आडवा भार येतोय. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला की वाक लगेच दिसतो. पिनांची ढिलाई तशीच ठेवून सील बदललं तर ग्लँडचा बुश पुन्हा एका बाजूने झिजतो, आणि त्या बाजूने गळती परत येते.

जुनं सील फेकू नका, तेच सगळ्यात जास्त बोलतं. दाबाच्या विरुद्ध बाजूची कड कुरतडल्यासारखी दिसली तर बुश झिजलाय किंवा कुणीतरी रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) आवळून दाब वाढवलाय. छोट्या ट्रॅक्टरमध्ये दाब साधारण १५० बारच्या आसपास असतो (एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो). गेज लावून बघा आणि तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. सील कडक होऊन तडकलं असेल तर उष्णता किंवा वय. सीलच्या ओठावर, म्हणजे रॉडला घासणाऱ्या कडेवर, उभे ओरखडे असतील तर धूळ आत गेलीय, म्हणजे वायपर (रॉडवरची धूळ पुसणारं बाहेरचं सील) काम करत नव्हता. आपल्याकडची गोराडू माती वाळली की फार बारीक उडते, आणि फाटलेल्या वायपरमधून ती रॉडबरोबर आत जाते. ओठ एकाच जागी कापलेला असेल तर बसवताना चूक झालीय. आणि सील फुगून मऊ झालं असेल तर तेल आणि रबर जुळलेलं नाही. ब्रेकच्या किटमधल्या ओ-रिंगा मापाला बसतात म्हणून कुणी सिलिंडरमध्ये टाकतं, पण ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं. ते कधीच वापरू नका. सिलिंडरला नायट्राइल किंवा पॉलियुरेथेन.

थेंबांना लोक फार हलकं घेतात. दर दहा सेकंदांना एक थेंब, आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर आठ तासांच्या कामात जवळपास १५० मिलिलिटर तेल जातं. पण तेलाच्या पैशापेक्षा मला काळजी वाटते ती दुसऱ्या दिशेची. जिथून तेल बाहेर येतं तिथूनच माती आणि पाणी आत जातं, आणि ते पंपापर्यंत पोचतं. छोट्या ट्रॅक्टरचा पंप हा सिलिंडरपेक्षा कितीतरी मोठा खर्च आहे. टाकीतलं तेल दुधाळ दिसत असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि तेल न बदलता नवी सीलं घालू नका.

निर्णय मी असा करतो. सिलिंडर खोलून रॉड आणि बोअर दोन्ही चांगले निघाले तर किट, तेही जोडीतल्या दोन्ही सिलिंडरना एकाच वेळी. रॉड खराब आणि बोअर चांगला, तर नवा रॉड. बोअरमध्ये नखाला लागणारा गंजाचा पट्टा किंवा खोल चरा असेल तर नवा सिलिंडर. हलका गंज असेल तर होनिंगने, म्हणजे बोअर आतून बारीक घासून, निघतो, पण होनिंग करता करता बोअर मोठा झाला तर पिस्टनची सीलं ढिली बसतात, म्हणून मी मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे जात नाही. दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या सिलिंडरच्या निम्म्याच्या वर गेला तर मी गिऱ्हाइकाला नवा घ्यायला सांगतो. काही स्वस्त सिलिंडरची ग्लँड वेल्ड केलेली असते. ते खोलण्यासाठी बनवलेलेच नसतात, त्यांच्यावर वेळ घालवू नये. बकेट वळवणारे दोन सिलिंडर गळत नसतील तर त्यांना हात लावायचं मला कारण दिसत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज रॉडचा आहे, आणि इथे वडोदऱ्यात राहण्याचा फायदा होतो. जुना रॉड खरवडून पुन्हा क्रोम करून घेण्यापेक्षा बाजारात मिळणारा तयार हार्ड क्रोमचा बार घेणं लहान मापांत सहसा स्वस्त पडतं. २०, २५, २८, ३२, ३६, ४० ही मापं सहज मिळतात. लेथवर पिस्टनकडची गळी आणि आटे काढायचे, आणि जुन्या रॉडचा डोळा कापून नव्याला वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या जागेचा क्रोम आधी पूर्ण काढा, कड तिरपी करा, लोखंड तापवून घ्या, कारण हे मध्यम कार्बनचं पोलाद असतं आणि थंड वेल्डिंगला तडा जातो. वेल्डिंग पिस्टन आणि ग्लँड चढवण्याआधी झालेलं असावं. नाहीतर उष्णतेने सील जातं. आणि तेल असलेल्या बंद सिलिंडरला वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीच लावू नका, तो फुटतो. अडकलेला पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणंही तितकंच धोक्याचं आहे.

सील घ्यायला गेलात की दुकानदार गुजरातीत पहिलं विचारेल, "सेंपल लाव्या छो?" म्हणजे नमुना आणलाय का. जुनं सील जरूर न्या, पण त्याच्यावरच माप ठरवू नका, ते झिजलेलं आणि फुगलेलं असतं. रॉडचा व्यास, ग्लँडमधल्या खाचेचा व्यास आणि खाचेची उंची व्हर्नियरने मोजून लिहून न्या. जुन्या ट्रॅक्टरमध्ये इंच आणि मिलिमीटरचा घोळ होतो. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर, सव्वा इंच म्हणजे ३१.७५. ३२ चं सील ३१.७५ च्या रॉडवर हाताला बसल्यासारखं वाटतं आणि दाब आला की गळतं. महिंद्राचा बी-२७५ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या घडणीचा, त्यात इंचाची मापं सापडतात. आपल्या वडोदऱ्यातल्या विश्वामित्रीच्या कारखान्यातला हिंदुस्तान ट्रॅक्टर झेटरच्या घडणीचा, तो मिलिमीटरचा. पण लोडर बहुतेकदा नंतर कुणीतरी बसवलेला असतो, त्यामुळे ट्रॅक्टरच्या नावावरून सिलिंडरचं माप ठरवू नका.

नवा सिलिंडर घ्यायची वेळ आलीच तर सात मापं घेऊन जा. बोअर, रॉड, स्ट्रोक, बंद अवस्थेत पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंतची लांबी, पिनेचा व्यास, डोळ्याची रुंदी, आणि पोर्टचे आटे व त्यांची दिशा. पोर्ट उलट दिशेला आला तर होज आर्ममध्ये चेपतो. "जरा मोठा बोअर टाका, ताकद वाढेल" असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ४० चा ५० केला तर जोर ५६ टक्के वाढतो हे खरं, पण तितकंच जास्त तेल लागतं म्हणून लोडर हळू होतो, आणि वाढलेला जोर छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलवर आणि लोडरच्या फ्रेमवर जातो. ॲक्सल मोडला तर सिलिंडरची गोष्ट बाजूला राहील.

जोडताना दोन-तीन गोष्टींत घाई करू नका. यू-सीलचा उघडा ओठ दाबाकडे असायला हवा, आणि बॅकअप रिंग (सीलला मागून टेका देणारी कडक रिंग) दाबाच्या विरुद्ध बाजूला. सील कोमट तेलात ठेवलं की मऊ होतं, मग ते चिमट्याने ओढून ताणावं लागत नाही. रॉडच्या आट्यांवरून सील चढवताना आट्यांवर टेप गुंडाळा. ग्लँड तारेच्या रिंगने धरलेली असेल तर बॅरलच्या आतल्या खाचेच्या कडा बारीक पॉलिशने मोडा, तिथेच नवं सील पहिल्यांदा कापलं जातं. पिस्टनचा नट नवा घ्या आणि पूर्ण टॉर्कला आवळा.

होजही याच वेळी बघा. तडकलेला होज दाबाखाली सुईएवढ्या छिद्रातून तेल फवारतो, ते छिद्र शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तशी फवारणी कातडीतून आत गेली तर वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फार, पण आत तेल पसरतं. तसं झालं तर मलम लावून थांबू नका, त्याच तासात मोठ्या इस्पितळात जा आणि डॉक्टरांना दाबाखालचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. यात शस्त्रक्रिया लागते आणि उशीर झाला तर बोट जातं.

सगळं जोडल्यावर एकदम जोर लावू नका. आत हवा असते, आणि हवा-तेलाचं मिश्रण एकदम दाबलं गेलं तर आतच पेट घेऊन नव्या सीलची कड जाळतं. इंजिन हळू ठेवा, बकेट रिकामं ठेवा, शेवटच्या टोकाला न दाबता सावकाश वर-खाली करा, मग टाकीतलं तेल बघून भरा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर ग्लँड पुसून बघा. रॉडवर तेलाची नुसती ओलसर झाक असेल तर ती असायलाच हवी, त्यावर सील चालतं. थेंब जमून खाली पडत असेल तर ग्लँड पुन्हा उघडा. रोज काम संपल्यावर रॉडवरचं शेण पाण्याने धुवा, पण पाण्याची जोरदार धार थेट वायपरवर मारू नका. बकेट जमिनीवर टेकवून ट्रॅक्टर उभा करा, आणि तरीही जे रॉड बाहेर राहतात त्यांच्यावर ग्रीसचा हात फिरवा.

रॉडचे आणि पिनांचे फोटो, शिवाय जुन्या सीलच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाकलेत तर नवा रॉड करायचा की सिलिंडर घ्यायचा, हे मी जास्त नेमकं सांगू शकेन.